मुकादमाचं मोडकं शिंग

१

कुलूप जागच्या जागी होतं, किल्लीने बिनबोभाट उघडलं, आणि आत सापडलं काय, तर एक मेलेलं झुरळ.

आदल्या संध्याकाळपर्यंत स्टुडिओतल्या त्या लोखंडी कपाटात मुकादमाची सगळी मूळ चित्रं होती, अण्णांनी आयुष्यभर बसून काढलेली. कार्टून मालिकेची दिग्दर्शिका सकाळी एक जुनं चित्र बघायला म्हणून कपाटाशी गेली, तर आत फक्त ते झुरळ. तिने पहिला फोन पोलिसांना केला नाही, स्टुडिओच्या मालकालाही केला नाही. अण्णांना केला. अण्णांनी मला, त्यांच्या जुन्या दोस्ताला, केला. मी माझ्या मेहुण्याला केला, आणि मेहुणा म्हणाला, "जेवून येतो."

मुकादम म्हणजे बोकड. अण्णांचा बोकड. आमच्या शहरातल्या वर्तमानपत्रात रोज तीन चौकटींची चित्रपट्टी यायची, आणि त्या तीन चौकटींत हा बोकड, दाढी पुढे काढून, एक शिंग मोडलेलं, जिथे जाऊ नये तिथे जाऊन उभा राहायचा. कुणी नेमलं नव्हतं त्याला, पण सगळ्यांच्या कामावर देखरेख करायचा, म्हणून मुकादम. तो पूल पडला होता ना, तेव्हा हा ठेकेदारासमोर जाऊन म्हणाला, "मी चिंध्या खातो, चपला खातो, तुमच्या निविदाही खाल्ल्यात. पण सिमेंट खात नाही. मग ते कुणी खाल्लं?" दुसऱ्या दिवशी ठेकेदार आजारी पडला. त्या काळी न्हावी मुकादम वाचल्याशिवाय वस्तरा उचलत नसत. एका न्यायाधीशाने तर मुकादम वाचून निकाल दिला आणि आरोपी सोडून वकिलालाच आत टाकलं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण ज्याने पाहिलं त्याला मी चांगला ओळखतो.

पुढे ते वर्तमानपत्र बंद पडलं. जुने अंक रद्दीत गेले. मुकादम उरला तो फक्त अण्णांच्या मूळ चित्रांत. आणि आता त्याची टीव्हीवर कार्टून मालिका होणार म्हणून अण्णांनी ती चित्रं विश्वासाने स्टुडिओत नेऊन दिली होती. विश्वासाने! हा शब्द लिहिताना माझी दातखीळ बसते.

"अण्णा, धीर धरा," मी म्हणालो.

"धीर कसला धरायचा?" अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे पार गेलेत, समोरचा माणूस त्यांना धुक्यातल्या खांबासारखा दिसतो. "चित्रं गेली तर गेली. मला भीती वेगळीच आहे."

ती भीती काय, ते दुपारी टीव्हीवरच कळलं.

२

दुपारच्या बातम्यांत जुन्या वर्तमानपत्राचे संपादक बसले होते. मांडीवर पिवळ्या पडलेल्या कागदांचा गठ्ठा, चेहऱ्यावर नवऱ्यामुलाचं हसू.

"मुकादम ही मूळ माझी कल्पना," संपादक म्हणाले. "ही बघा माझी पेन्सिलीची चित्रं. पहिल्या पट्ट्या मीच काढल्या. अण्णा त्यावर शाई फिरवायचे. हस्ताक्षर सुरेख असलेला माणूस पत्राचा लेखक होत नाही, तसंच हे."

माझ्या हातातला चहा सांडला. अण्णांच्या लेकीने टीव्हीच्या दिशेने उशी फेकली.

"हीच भीती होती," अण्णा म्हणाले.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. मालिकेच्या करारात एक कलम होतं. मुकादमाच्या निर्मात्याची संमती असल्याशिवाय मुकादमाच्या तोंडी एक शब्दही घालता येणार नाही. आणि अण्णा गेले काही महिने मालकाला नाही, नाही आणि नाहीच म्हणत होते. कारण मालकाच्या कार्टूनमधला मुकादम मुलांना हात धुवायला सांगायचा. वडीलधाऱ्यांचं ऐकायला सांगायचा. पुलावरून जाताना "वा, किती छान पूल!" म्हणायचा. आमचा मुकादम! ज्याने तीन महापौरांना दाढीने झाडून काढलं, तो पुलाचं कौतुक करणार! बैलाला शेळीचं दूध काढायला लावण्यातला प्रकार.

"नाव गेलं चुलीत," अण्णा म्हणाले. "पडद्यावर कुणाचंही नाव घाला. पण संपादक निर्माता ठरला, तर संमती त्याची चालेल. तो नंदीबैल आहे, मालक म्हणेल तशी मान हलवेल. माझा बोकड त्याच्या तोंडी नाही जाऊ द्यायचा, एवढंच."

मालिका दाखवणाऱ्या टीव्ही वाहिनीच्या बाईंनी आठवड्याची मुदत दिली होती. त्या अवधीत निर्माता कोण हे ठरलं नाही, तर ज्याच्या हाती कागद त्याचं नाव. आणि अण्णांच्या हाती कागद होते कुठे? ते तर कपाटातून उडून गेले होते.

"तुम्ही त्यांच्यासमोर काढूनच दाखवा ना मुकादम," मी म्हणालो, आणि बोलल्याबरोबर जीभ चावली.

अण्णांनी टेबलावरची पेन्सिल चाचपडली, कागदावर एक रेघ ओढली. रेघ कागदावरून घसरून टेबलावर गेली.

दारात जेवून आलेला माझा मेहुणा उभा होता.

३

मेहुण्याबद्दल थोडं सांगायला हवं. तो विमा कंपनीचा तपासनीस होता. आग लागलेल्या गोदामात जाऊन, काय जळलं आणि काय आधीच हलवलं होतं, हे राखेवरून ओळखण्यात त्याची उभी हयात गेली. त्यामुळे विनोद त्याला शिवत नाही. मी त्याला एकदा मुकादमाची पट्टी वाचून दाखवली, तर म्हणाला, "बोकड कायद्याने कार्यालयात शिरू शकत नाही, भावोजी." असा हा माणूस. पण हसण्यात वेळ जात नसल्यामुळे त्याला बघायला भरपूर वेळ मिळतो, हे मला त्या आठवड्यात कळलं.

"कपाटाच्या किल्ल्या कुणाकुणाकडे?" त्याने विचारलं.

तिघांकडे. मालकाकडे, दिग्दर्शिकेकडे आणि अण्णांच्या भाच्याकडे. भाचा त्याच स्टुडिओत चित्रं काढतो. कुलूप फोडलेलं नाही म्हणजे चोर तिघांतला. आणि संपादकांना चित्रकलेचा गंध नाही हे अण्णा शपथेवर सांगत होते. संपादकांनी एकदा मथळ्याखाली रेघ ओढली होती ती वाचकांना नदी वाटली. म्हणजे ती पिवळी चित्रं दुसऱ्या कुणीतरी काढून दिलेली. ज्याने मूळ चित्रं लांबवली त्यानेच.

आधी संपादकांकडे गेलो. त्यांनी आमचं स्वागत करून टीव्हीवरची स्वतःची मुलाखत आम्हाला पुन्हा लावून दाखवली.

"इतकी वर्षं ही चित्रं का दडवलीत?" मेहुण्याने विचारलं.

"प्रसिद्धीचा मला मनापासून तिटकारा आहे," असं म्हणून त्यांनी आवाज वाढवला.

"माझ्या नातीसाठी एक मुकादम काढून द्याल? तोंड या बाजूला असलेला एक, त्या बाजूला असलेला एक."

संपादकांनी हात पुढे केला आणि तो थरथरवून दाखवला. "वय झालं हो. हात चालत नाही."

मग त्याच हाताने त्यांनी आमचे कप काठोकाठ भरले. थेंब सांडला नाही. मेहुण्याने तो कप असा निरखून पाहिला, की मला वाटलं आता त्याचाही विमा उतरवतो.

उठताना त्याने त्या पिवळ्या चित्रांचे फोटो मागितले. संपादकांनी आनंदाने दिले, वर सही करून.

तिथून स्टुडिओत. मालकाची खोली काचेची, भिंतीवर हात धुणारा मुकादम पुरुषभर उंचीचा. मी तिकडे पाठ करून बसलो.

"अण्णा आम्हाला वडिलांसारखे," मालक म्हणाला.

"वडिलांचं कपाट रिकामं झालं त्या रात्री मुलगा कुठे होता?" मेहुणा म्हणाला.

"घरी! तपास करायचा तर भाच्याचा करा. घरचाच भेदी असतो. त्याला मी मुकादमावरून काढून मागच्या दृश्यांवर घातला, झाडं आणि भिंती काढायला. तेव्हापासून तोंड फुगवून आहे."

"तुम्ही स्वतः काढता?"

"मी मालक आहे, चित्रकार ठेवलेत पगारावर." तेवढ्यात एक मुलगी चित्रांचा गठ्ठा घेऊन आली. मालक बोलता बोलता एकेक कागद उलटत होता. एकावर थांबला, खोडरबर घेतलं, बोकडाच्या डोक्यावर फिरवलं, पेन्सिलीचे चारदोन फटकारे, आणि कागद परत तिच्या हातात. "गाढवांना सांगून सांगून थकलो. काय म्हणत होतो? हां. मी काढत नाही. पण एकही चित्र माझ्या पेन्सिलीखालून गेल्याशिवाय पडद्यावर जात नाही. चूक दिसली की माझा हात थांबत नाही."

"नातीसाठी एक काढून द्याल?"

"वेळ नाही," मालक म्हणाला, आणि आम्हाला दाराची वाट दाखवली.

४

दिग्दर्शिका एकेकाळी अण्णांची विद्यार्थिनी. तिच्या टेबलाभोवती मुकादम चहूबाजूंनी टांगलेला होता. समोरून, मागून, वरून, शेपटीकडून. पट्टीतला बोकड चौकटीत उभा असतो, टीव्हीतल्याला गोल फिरावं लागतं, म्हणून हे नमुने.

"मला बडतर्फ करा, पोलिसांत द्या," ती म्हणाली. "पण अण्णांना सांगा, मी नाही. कपाट बंद करून मी बसस्टॉपवर जाऊन पुन्हा परत आले होते, बंद केलं का बघायला. इतकी मी काळजी घेत होते."

"तुम्हाला हात धुणारा मुकादम पटतो?"

"मला?" तिने आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "मालकाने काढून टाकलेला पुलाचा भाग मी अजून जपून ठेवलाय. पूर्ण काढलेला. या लोकांना बोकडही पाळीव हवा."

मेहुण्याने नातीचं तुणतुणं लावलं. तिने पेन्सिल उचलली आणि विचारलं, "छापायला हवाय की पडद्यावरचा?"

"त्यात फरक असतो?"

"असतो थोडा," ती म्हणाली, पण तेवढ्यात काचेमागून मालकाने टकटक केली आणि ती उठून गेली.

भाचा जिन्याखालच्या खोलीत बसून एका भिंतीला भेगा पाडत होता. म्हणजे चित्रात.

"मामाला वाटतं का, मी चोरली म्हणून?" त्याने पहिलाच प्रश्न केला.

"मामा काही म्हणाला नाही," मी म्हणालो.

"म्हणजे वाटतं." त्याने पेन्सिल आपटली. "काका, मी मामाच्या मांडीवर बसून मुकादम काढायला शिकलो. अक्षरं नंतर आली मला. आणि इथे मला सांगतात, तुला मुकादम येत नाही! रोज माझी चित्रं परत. रोज चूक. शेवटी म्हणाले, जा, भिंती काढ."

"कसली चूक?"

"तीच समजत नाही ना. माझा हात मामासारखा चालतो, हीच असेल."

नातीसाठी त्याने पापणी लवायच्या आत दोन मुकादम काढून दिले, एक या तोंडाचा, एक त्या तोंडाचा. इतके जिवंत, की मला वाटलं आता माझ्या चपला खातील.

बाहेर आल्यावर मी मेहुण्याला म्हणालो, "पोरगा निर्दोष आहे. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं."

"आग लावणाऱ्यांच्याही डोळ्यांत पाणी असतं, भावोजी. धुराचं." मग फोटो आणि भाच्याची चित्रं शेजारी शेजारी धरून तो चालता चालता थबकला. "काहीतरी चुकतंय यात. काय ते मला सांगता येत नाही."

५

ते आमच्या स्वयंपाकघरात सांगता आलं.

बायकोने भावाला वरच्या फळीवरचा साखरेचा डबा काढायला सांगितलं. डबा हातात घेऊन मेहुणा स्टुलावर उभाच राहिला. बायको ओरडली, "अरे, उतरणार आहेस की तिथेच संसार मांडतोस?"

"ताई, हे फळीवर काय अंथरलंय?"

"पेपर. सगळ्यांच्या घरी फळीवर पेपरच असतो. बाकीच्यांकडे काय मखमल असते?"

पेपर जुना होता. तेच वर्तमानपत्र. आणि डब्याच्या गोल डागाखाली, तीन चौकटींत, मुकादम.

"भावोजी, मुकादमाचं कुठलं शिंग मोडलेलं आहे?"

"हा काय प्रश्न झाला? डावं."

"फोटोत उजवं आहे."

"मग फोटो खोटा! मी रोज बघत होतो. डावं!"

"आणि या पेपरात उजवं आहे."

मी स्टुलाला लटकून बघितलं. उजवंच होतं. मग मेहुण्याने तेलाची बाटली उचलली. तिच्याखाली दुसरी पट्टी होती आणि तिच्यात डावं होतं. मी म्हणालो, "बघ!" त्याने तिखटाचा डबा उचलला. उजवं. मी पिठाचा उचलला. डावं. बायको कपाळाला हात लावून, "माझी फळी! माझी फळी!" करत होती आणि आम्ही दोघं म्हातारे डबे खाली उतरवत एकमेकांवर ओरडत होतो, डावं, उजवं, डावं, उजवं.

अचानक मेहुण्याने सगळे कागद जमिनीवर मांडले. एकेका बोकडावर बोट ठेवत गेला. आणि मग तो माणूस, ज्याला मी लग्नातसुद्धा हसताना पाहिलं नव्हतं, तो हसला.

"उद्या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवा," तो म्हणाला. "चोर कोण ते बोकडच सांगेल."

६

टेबल स्टुडिओतलंच. एका बाजूला मालक आणि संपादक, दुसऱ्या बाजूला दिग्दर्शिका आणि भाचा, टोकाला वाहिनीच्या बाई. अण्णांना त्यांच्या लेकीने हाताला धरून आणलं. मालकाने उठून त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. त्या खुर्चीलाही लाज वाटली असेल.

"माझ्याकडे वेळ कमी आहे," वाहिनीच्या बाई म्हणाल्या. "चित्रं संपादकांकडे आहेत. अण्णांकडे काही आहे का?"

"एक प्रश्न आहे," मेहुणा म्हणाला. "संपादकसाहेब, मुकादमाचं कुठलं शिंग मोडलेलं?"

"उजवं," संपादक म्हणाले. पाठ केलेल्या पाढ्यासारखं. मालकाने मान डोलावली.

"नक्की?"

"मीच मोडलंय, मला ठाऊक नसणार? उजवं. माझ्या प्रत्येक चित्रात बघा."

"बघितलं. प्रत्येक चित्रात उजवंच आहे. अण्णा, तुम्ही सांगा. कुठलं?"

अण्णांनी डोकं खाजवलं. "कुठलं म्हणजे? अलीकडचं."

"अलीकडचं म्हणजे डावं की उजवं?"

"ते मला काय माहीत? वाचकाच्या बाजूचं."

संपादक मोठ्याने हसले. "बघा! स्वतःच्या बोकडाचं शिंग माहीत नाही!"

"हसू नका," मेहुणा म्हणाला, आणि त्याने आमच्या फळीवरचे कागद टेबलावर पसरले. साखर अजून चिकटलेली होती त्यांना. "मुकादम उजवीकडे तोंड करून उभा असला की त्याची उजवी बाजू आपल्याकडे येते, आणि पट्टीत तेव्हा उजवं शिंग मोडलेलं आहे. डावीकडे तोंड केलं की डावी बाजू आपल्याकडे, आणि तेव्हा डावं मोडलेलं आहे. प्रत्येक पट्टीत. का, अण्णा?"

"अहो, का काय?" अण्णा वैतागले. "तो मोठ्यांना टक्कर देतो, म्हणून शिंग मोडलंय. ते वाचकाला दिसायला नको? मागे दडवलं, तर अख्खं शिंग पुढे येणार आणि बोकड नवा कोरा दिसणार. लोकांनी पट्टीत कधी शिंगं मोजली नाहीत. त्यांना समजायचं."

"पण टीव्हीत हे चालत नाही," दिग्दर्शिका हळूच म्हणाली. "तिथे तो फिरतो. फिरता फिरता मोडकं शिंग या बाजूचं त्या बाजूला उडी मारायला लागलं. मी अण्णांना विचारलं, तर म्हणाले, तुला हवं ते मोड. म्हणून मी उजवं ठरवलं. टीव्हीपुरतं."

"कधी?"

"मालिकेचं काम सुरू झालं तेव्हा."

मेहुण्याने संपादकांची चित्रं उचलली. "आणि ही म्हणे पहिल्या पट्टीच्याही आधीची. यांत मुकादम डावीकडे बघतो तेव्हा मोडकं शिंग पलीकडे, अख्ख्याच्या मागे. वर्तमानपत्रात मुकादम असा एकदाही उभा राहिलेला नाही. हा टीव्हीचा बोकड आहे, बाई. याचा जन्म याच इमारतीत झालाय. कागद मात्र चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलाय."

संपादकांचा हात आता खरोखर थरथरायला लागला होता.

"म्हणजे इथल्याच कुणीतरी काढली," वाहिनीच्या बाई म्हणाल्या. त्यांची नजर भाच्यावर गेली.

"हा नाही," मेहुणा म्हणाला. "याला मुकादमावरून काढलं ते कशासाठी? हा मामाच्या मांडीवर शिकला. याचा हात अलीकडचंच शिंग मोडतो, आणि टीव्हीत तीच चूक ठरते. ही माझ्या नातीसाठी याने काढलेली दोन. बघा. याला खोटं काढायचं असतं तरी हाताने खरंच काढलं असतं."

भाच्याने मामाकडे बघितलं. अण्णांनी टेबलावरून हात सरकवत त्याचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"आणि ही नाही. हिने मला विचारलं, छापायला की पडद्यावर? जिला फरक माहीत आहे ती वर्तमानपत्राची नक्कल करताना पडद्याचं शिंग कशाला मोडेल? किल्ली असलेला तिसरा माणूस उरतो. ज्याच्या पेन्सिलीखालून दिवसभर बोकड जातात. ज्याने माझ्यादेखत, बोलता बोलता, विचारही न करता एक शिंग खोडलं आणि दुसरं मोडलं."

"मूर्खपणा!" मालक म्हणाला. "मूळ चित्रं माझ्यासमोर असती, तर मी बघून काढली नसती?"

"मीही रात्रभर हेच स्वतःला विचारत होतो," मेहुणा शांतपणे म्हणाला. "समोर अस्सल माल असून नक्कल चुकते कशी? मग वाटलं, तुम्हाला बहुधा अण्णांसारखं काढताच आलं नाही."

"काढता आलं नाही?" मालक उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल. "मला? अहो, अर्ध्या चित्रांत शिंग चुकलं होतं त्यांचं! अर्ध्या! इतकी वर्षं चुकीचं काढत होते आणि कुणाच्या लक्षात आलं नाही! मी ते दुरुस्त केलं!"

मालक तसाच उभा, तोंड उघडं. स्वतःचं वाक्य परत गिळता येतं का, बघत असावा.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. चोऱ्या मी पुष्कळ ऐकल्यात. एका चोराने विहीर चोरली होती, पुढे कधीतरी सांगेन. पण चोरलेल्या मालात चुका काढून वर त्या सुधारून देणारा चोर! म्हातारा डोळे जाईपर्यंत चौकटीत वाकून बसला, आणि हा त्याचा मास्तर झाला!

"चित्रं कुठे आहेत?" अण्णांच्या लेकीने विचारलं. तिचा आवाज इतका खाली होता की मी खुर्ची मागे घेतली.

उत्तर संपादकांनी दिलं. "माझ्या घरी. पलंगाखाली." ते रुमालाने मान पुसत होते. "हे म्हणाले, निर्मात्याच्या घरात मूळ चित्रं असायला हवीत. नंतर प्रदर्शनही भरवू. अण्णा, मी... मला आयुष्यभर दुसऱ्यांच्याच ओळी तपासायला मिळाल्या हो. वाटलं, एकदा तरी काहीतरी आपलं असावं."

"मग स्वतःचा बोकड काढायचास," अण्णा म्हणाले. "कागद मी दिला असता."

७

मालकाने शेवटपर्यंत हार मानली नाही. "शिंगावरून कोर्टात जाणार का?" म्हणाला. वाहिनीच्या बाईंनी फळीवरचा एक कागद उचलला आणि म्हणाल्या, "असे कागद प्रत्येक घरात असतील. तुमची चित्रं पडद्यावर गेली की दुसऱ्या दिवशी माझ्या दारात लोक डबे घेऊन उभे राहतील." मालिका त्यांनी मालकाकडून काढून दिग्दर्शिकेच्या हाती दिली. संपादकांनी बातम्यांत येऊन खरं सांगितलं. या वेळी त्यांनी आम्हाला मुलाखत परत लावून दाखवली नाही. मूळ चित्रं भाच्याने स्वतः पलंगाखालून काढून, झटकून, मामाच्या घरी नेली.

आणि पहिला भाग लागला त्या संध्याकाळी आम्ही सगळे अण्णांच्या खोलीत. अण्णा टीव्हीला नाक लावून. लेक म्हणाली, "अण्णा, आता नाव येईल हं, बघा." अण्णांनी चष्मा काढून धोतराने पुसायला घेतला, आणि तेवढ्यात नाव आलं आणि गेलं! गेलं!

"अरे थांबवा!" लेक किंचाळली. "अण्णांनी पाहिलं नाही!"

"टीव्ही थांबत नसतो, ताई," भाचा म्हणाला.

"एवढंच? एवढंसंच नाव?" मी उठलो. "इतकं रामायण करून एवढंसं? त्या बाईंना फोन लावा! मी त्यांना—"

"भावोजी, बसा," मेहुणा म्हणाला.

"का बसू? माणसाचे डोळे गेले, आणि यांना नाव एक क्षण जास्त ठेवता येत नाही?"

पडद्यावर छप्पर नसलेली शाळा होती. शाळेसमोर मंडप, मंडपात मंत्रीसाहेब, हातात कात्री, आणि कापायला फीतच नाही. सगळे फीत शोधतायत. गर्दीतून मुकादम सावकाश पुढे आला, ढेकर दिली आणि म्हणाला, "साहेब, फीत मी खाल्ली. आता छप्पर दाखवा."

"आणि त्या वाहिनीला सांगा," मी ओरडत होतो, "की आम्ही—"

अण्णांनी चष्मा तसाच हातात धरून दुसरा हात वर केला.

"गप्प बसा रे सगळे," ते म्हणाले. "तो बोलतोय."